भाजका धागा

रिपोर्ट यंत्र देतं, असा लोकांचा समज आहे. यंत्र फक्त मोजतं. रिपोर्ट माणूस देतो, आणि आमच्या विभागात तो माणूस म्हणजे मी, नंदा शिंगाडे, वय अठ्ठेचाळीस, हुद्दा 'धागावाचक'. सोलापुरात असा हुद्दा सांगितला की लोक मला हातमागावरची बाई समजतात. मीही त्यांचा गैरसमज फारसा दूर करत नाही. खरं सांगितलं की समोरचा माणूस आपलीच छाती दाबून बघायला लागतो.

आपलं फुप्फुस छातीच्या पिंजऱ्यात नुसतं टांगलेलं नसतं. त्याच्यावर एक पातळ पडदा असतो आणि पिंजऱ्याला आतून तसाच दुसरा. दोन्हींच्या मध्ये चमचा-दोन चमचे पाणी. काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवून बघा. सरकतात छान, पण ओढून सुटत नाहीत. छाती फुगली की बाहेरचा पडदा आतल्याला ओढतो, आतला फुप्फुसाला, आणि हवा आत येते. दिवसातून वीसेक हजार वेळा हे चालतं आणि आपल्याला पत्ता नसतो. पुस्तकात त्याला फुप्फुसावरण म्हणतात. आमच्या गावाकडे त्याला नावच नाही. ते बिघडलं की "छातीत पाणी झालं" एवढंच म्हणतात.

सिमेंटच्या पत्र्यात जो दगडाचा कापूस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, घालत असत, त्याचे धागे केसाच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक असतात. श्वासातून आत गेले की ते फुप्फुस ओलांडून या पडद्यात रुततात आणि तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं गप्प बसतात. मग पडदा जाड व्हायला लागतो, पाणी साठतं, फुप्फुस मुठीएवढं होतं. आमचं यंत्र पडद्याचा तांदळाएवढा तुकडा घेऊन त्यातला एकेक धागा बघतं. शरीराने धाग्यावर चढवलेल्या लोखंडाच्या थरावरून तो किती वर्षं आत आहे ते कळतं, आणि त्याच्या घडणीवरून कुठून आला ते. खाणीतला वेगळा, पत्र्यातला वेगळा, गाडीच्या ब्रेकमधला वेगळा.

त्या मंगळवारी आलेला नमुना माझ्या सख्ख्या बहिणीचा होता. नियमाप्रमाणे मी तो वाचायला नको होता. पण दुसरा वाचक रजेवर होता, आणि माझा स्वतःवर गरजेपेक्षा जास्त विश्वास आहे.

धागे होतेच. तीस-चाळीस वर्षं जुने. पण त्यांची टोकं भाजलेली होती. कारखान्यात धागा भाजत नाही. तिथे सगळं पाण्यात कालवतात. हा धागा वर्षानुवर्षं विस्तवाजवळ राहिला होता. सहा-सातशे अंशांवर त्याची घडण मोडते. साध्या घरगुती विस्तवाची धग कधी तिथवर जाते, कधी जात नाही, म्हणून अर्धा भाजका आणि अर्धा जशास तसा. त्याच महिन्यात ढवळगावच्या बायकांचे तीन नमुने मी असेच वाचले होते आणि तिन्हींपुढे 'स्रोत अनिश्चित' असं लिहून मोकळी झाले होते. या वेळी मात्र तसं लिहायला हात धजेना. कारण ती चूल कुठली, ते मला माहीत होतं. ती माझ्या आईने केली होती.

ढवळगावला पत्र्याचा कारखाना होता, आता बंद पडून पंधरा वर्षं झाली. कामगारांच्या खोल्यांच्या रांगांना सगळे लाईन म्हणायचे. लाईनीत नवी सून आली की तिच्या हाताने नवी चूल पेटवायची पद्धत होती, आणि त्या चुलीला वर्षाच्या आत तडा गेला तर संसाराला तडा जातो, अशी बायकांची पक्की समजूत. तिथली माती चिकण नव्हती. चूल महिन्यात फाटायची. माझी आई, सोजर, कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होती. फाटक्या पोत्यांतून सांडलेला तो पांढरा कापूस ती पदरात घेऊन यायची आणि मातीत कालवायची. तिची चूल तडकत नसे. पहिली केली आणि तिचं नाव झालं. मग प्रत्येक लग्नाला सोजरमावशीची चूल ठरलेली. आहेर कमी पडला तर चालेल, चूल हवी.

आक्काला, म्हणजे माझ्या त्याच थोरल्या बहिणीला, वैजूला, तिच्या लग्नात आईने जी केली ती सगळ्यांत देखणी होती. तिला दोन्ही बाजूंना मोर होते.

आक्का वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूल नाही. शेजारच्या खाटेवर लंकाताई माने, तिच्याच लाईनीतली, तिच्याच साली सून म्हणून आलेली, आणि तोच आजार घेऊन आलेली. दोघींच्या बरगड्यांमधून नळी घालून पाणी काढायचे. लंकाताईची जीभ मात्र कशानेही आटत नव्हती.

"ये गं नंदे," ती म्हणाली. "तुझ्या मशीनला इचार की, माझ्या छातीत नवऱ्याचा काय वाटा हाय? आयुष्यभर छातीवर दगड ठिवून नांदले, त्यो आत गेला का काय?"

आक्का हसली आणि हसणं महागात पडलं. पाच मिनिटं तिला श्वास लागत नव्हता. लंकाताईने खाटेवरून हात लांब करून तिचा हात धरून ठेवला.

आमच्या डॉक्टर बिलोलीकर तिशीतल्या, बारीक चणीच्या, आणि खोटा धीर न देणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दीड महिना," त्या म्हणाल्या. "फार तर दोन. एकच मार्ग आहे, नवा पडदा. दोघींनाही तोच, पण माने बाईंना दाता नाही. आई-वडील, भावंडं कुणी नाहीत, मुलगा त्याच घरात रांगला, त्याच्या छातीतही धागे निघाले."

नवा पडदा हे दोन वर्षांपूर्वीचं तंत्र. धडधाकट माणसाच्या छातीचं आतलं अस्तर काढायचं, त्याच्या पेशी टाकीत जाळीवर वाढवायच्या, त्यांची ओळख पुसायची, म्हणजे दुसऱ्याचं शरीर त्यांना परकं मानत नाही. सव्वीस दिवसांत अख्खा पडदा तयार होतो. मग रोग्याचा सडलेला पडदा सोलून काढून हा बसवायचा. मेलेल्या माणसाचं अस्तर चालत नाही, ते तासाभरात सुकतं. दाता जिवंत हवा, कायद्याने रक्ताच्या नात्यातला हवा, आणि त्याच्या छातीत एकही धागा नको.

"माझं घ्या," मी म्हणाले.

"आधी तपासू."

माझा नमुना मी स्वतःच वाचला. दुसऱ्याला वाचायला दिला असता तर बरं झालं असतं. एकोणीस धागे. भाजलेले. लग्नाआधी आक्का चूल पेटवायची आणि मी फुंकणीने फुंकायची. राख काढायचं काम आम्हा दोघींचं. त्याच राखेने भांडी घासायची. आई पहाटे पाचलाच कँटीनला जायची. मी चौदाव्या वर्षी वसतिगृहात गेले म्हणून एकोणीसच. खुर्चीवर बसून मी स्वतःचा आकडा दोनदा मोजला. मला भीती वाटली, ती किती वाटली हे सांगण्यात अर्थ नाही. रिपोर्टवर सही केली आणि आईला फोन लावला.

आई दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आली. बहात्तर वर्षांची, कमरेत ताठ, पिशवीत कडक भाकरी. तिच्या छातीचा नमुना घेतला. मी आयुष्यात इतका स्वच्छ पडदा बघितला नव्हता. एकही धागा नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, ही बाई खरंच तिथे तीस वर्षं राहिली का?

त्याचं कारण मला कळत होतं. कोरडा कापूस हाताला लागला की आग-आग व्हायची, म्हणून आई पदरातून आणतानाही तो ओला करून आणायची आणि रात्रभर बादलीत भिजत घालायची. ओला धागा उडत नाही. ती सगळी चूल ओल्याने करायची. वाळलेल्या चुलीपुढे बसणं, फुंकणं, राख उपसणं हे आमच्या वाट्याला यायचं.

डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रिया समजावली. "आजी, तुम्ही तरुण असता तर तळहाताएवढा तुकडा पुरला असता. आता तुमच्या डाव्या बाजूचं सगळं अस्तर काढावं लागेल. मग फुप्फुस छातीला आतून चिकटून जाईल. जगता येतं. हत्तीला तर हा प्रकार जन्मतःच असतो, त्याचं फुप्फुस छातीला चिकटलेलंच असतं. पण तुमच्या वयात दम कमी पडेल. जिना चढवणार नाही, लांबलचक बोलवणार नाही."

"म्हंजी म्या हत्तीण हुनार," आई म्हणाली. "हुईना का. पोरगी जगंल न्हवं?"

सगळं सोपं वाटत होतं. उरला होता फक्त संमतीचा कागद. नियम असा की रोग्याचा धागा-रिपोर्ट दात्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि तो वाचायचा वाचकाने. का आणि कशामुळे हे माहीत असल्याशिवाय कुणी शरीर देऊ नये, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. तो करणाऱ्याने कधी स्वतःच्या आईपुढे रिपोर्ट वाचला नसणार.

मी खोटं वाचलं.

"कारखान्याची धूळ," मी म्हणाले. "बाबांच्या कपड्यांवरून घरात आली. तशीच भावजींच्या कपड्यांवरून आक्काकडे."

आईने ऐकून घेतलं. कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, तरी ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"तुज्या बाची कापडं धुयाला कोन व्हतं?" तिने विचारलं.

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"म्या धुयाची. झटकून, आपटून. मग धूळ माज्या छातीत जायला पायजे. माजी तर सोच्छ हाय म्हनती डाक्टरीन." ती थांबली. "आन् तू धाकटी, धडधाकट. पैला तुजा पडदा घ्यायचा सोडून म्हातारीला का बलिवलं?"

माझी आई कँटीनमध्ये दोनशे माणसांचा अंदाज डोळ्यांनी घ्यायची; तिला माझ्या तोंडाकडे बघून कळायला वेळ लागला नाही.

"तुज्यात बी हाय," ती म्हणाली.

"थोडं आहे."

"राख तुमी दोगी काडायच्या." मग हळूहळू, जशी चूल रचावी तसं एकेक करत ती तिथे पोचली. "कापूस व्हता मातीत. त्यो कापूस."

"आई, तुला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी पोत्यावर साधी चिठ्ठी चिकटवली नाही."

"चवदा केल्या म्या," आई म्हणाली. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. कुणाची, कोणत्या साली, कुणाच्या चुलीला मोर, कुणाच्या चुलीला वेल. नावांबरोबर ती बोटं मिटत गेली. पाच जणी आधीच गेल्या होत्या; 'अनिश्चित' म्हणून मी सोडलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन त्यांच्यातल्याच दोघींचे, तिसरा लंकाताईचा. पाचातल्या आणखी दोघींना टीबी होता म्हणून आम्ही समजत होतो.

मग तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "म्या देनार न्हाई."

"काय?"

"माज्या हातचं आता तिच्या छातीत काय बी घालू नगा. एकदा घातलं तेवडं पुरं झालं."

त्यानंतरचे दोन दिवस मला आठवायला आवडत नाहीत. आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. जेवली नाही, घरीही गेली नाही. मी समजावलं, रडले, ओरडले. मी तिला म्हणाले, आधी चुलीने मारलंस, आता हट्टाने मार. हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मी ते परत घेतले नाहीत, कारण मला वाटलं, अपमानाने तरी ही उठेल. ती उठली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की तिला ते अगदी पटलंय. डॉक्टर म्हणाल्या, जबरदस्ती करता येत नाही. आज पेशी टाकीत गेल्या तर सव्वीस दिवस; परवा गेल्या तर अठ्ठावीस. आक्काच्या छातीतून चार दिवसांनी पाणी काढावं लागत होतं, ते आता तीन दिवसांवर आलं होतं.

शेवटी मी आक्काला सगळं सांगितलं. मला दुसरं काही सुचलं नाही. शेजारची लंकाताई तेव्हा तपासणीला गेली होती. आक्काने डोळे मिटून ऐकलं आणि आईला आत बोलवायला सांगितलं.

आई येऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. जवळ आली नाही.

"आई," आक्का म्हणाली. दोन-तीन शब्दांनंतर तिला थांबावं लागत होतं. "मला राग आलाय. तुझा. लई."

आईने मान हलवली.

"तुला माहीत नव्हतं... ते कळतंय मला. तरी आलाय." तिने ऑक्सिजनची नळी नाकाशी नीट केली. "मला बोलायचंय तुला. पोटभर. आता जमत नाही... चार शब्दांत दम संपतो. राग एवढा... आणि दम एवढा."

"बोल की," आई म्हणाली. "म्या हितंच हाय."

"तसं नाही. पडदा दे. उठले की... अख्खा दिवस बोलेन. शेजारीपाजारी... ऐकतील असं." ती थांबली, पुन्हा गोळा झाली. "अशीच मेले... तर तू सुटशील. तुला कुणी... एक शब्द बोलणार नाही. सगळे म्हणतील, बिचारी."

आई एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "लई बोलनार हाईस?"

"लई."

आई माझ्याकडे वळली. "आन त्यो कागद. कुटं लावायचा अंगटा?"

शस्त्रक्रिया नीट झाली. चौथ्या दिवशी आई भिंतीला धरून चालायला लागली. सहा पावलं, मग थांबा. बोलतानाही तसंच, तीन शब्द आणि थांबा. मी तिला उशी लावून देत होते तेव्हा ती म्हणाली, "उजवी बाजू... ठिवलीया. तुज्यासाटी. कुनाला... दिऊ नगं." एका माणसाची दुसरी बाजू घ्यायला कायद्याची परवानगी नाही. मी तिला ते सांगितलं नाही. म्हटलं, बरं.

टाकी आमच्याच मजल्यावर होती. मी रोज दोनदा काचेतून बघून येत असे. पहिले दहा दिवस नुसतं गढूळ पाणी दिसलं. मग जाळीवर दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरायला लागलं. डॉक्टर म्हणायच्या, वय जास्त असलं तरी पेशी चिवट आहेत. मी आक्काला येऊन सांगायची, आज अर्ध्यावर आलं, आज कडा जुळल्या. आक्का बोटांवर दिवस दाखवायची. तिला आता बोलता येत नव्हतं. पाणी रोज काढावं लागत होतं, आणि विसाव्या दिवसानंतर पाण्याबरोबर रक्त यायला लागलं. मी डॉक्टरांना विचारलं, पडदा जरा कच्चा असतानाच बसवता येणार नाही का? त्या म्हणाल्या, विरघळेल. मी तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीही.

तेविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आक्का गेली. आई तिचे केस विंचरत होती. आक्काने हाताने खूण केली, ओढू नको, दुखतं. आईने फणी सैल धरली. पुढचा हात फिरवला तेव्हा सगळं संपलं होतं. आई आधी वेणी पूर्ण घालून झाली, मग तिने मला हाक मारली. तिला रडायलाही दम पुरत नव्हता. नुसती हलत राहिली.

लंकाताईने भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवसभर ती एक शब्द बोलली नाही.

सव्विसाव्या दिवशी पडदा तयार झाला. टाकीतून बाहेर काढल्यावर तो तीन दिवस टिकतो. ज्याच्यासाठी वाढवला तो माणूस गेला असेल, तर दात्याच्या संमतीने आणि समितीच्या सहीने तो वॉर्डातल्या दुसऱ्या कुणाला देता येतो. तिथे रक्ताच्या नात्याची अट लागत नाही. डॉक्टर बिलोलीकर अवघडत आईपाशी आल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "लंकाला."

"मी त्यांना विचारते."

"न्हाई. म्या सांगनार. कुटनं आला... आन् का... आलाय त्यो."

"आजी, ते नंतरही सांगता येईल. आत्ता त्या नाही म्हणाल्या तर?" डॉक्टरांच्या आवाजात विनवणी होती. मीही म्हणाले, आई, ऑपरेशन होऊ दे, मग सांग. मला आणखी एक बाई मरताना बघायची नव्हती. खोटं बोलून जीव वाचत असेल तर मी रोज खोटं बोलायला तयार होते.

"तू एकदा... खोटं वाचलंस," आई मला म्हणाली. "दोन दिस... त्यातच ग्येले. त्ये दोन दिस... असते तर?"

तिचा हिशेब चुकीचा होता. दोन दिवस तिच्या नकाराने गेले होते, माझ्या खोट्याने नव्हे, आणि दोन दिवसांनी तेविसाचे सव्वीस झाले नसते. पण तेव्हापासून मला रोज त्या दोन दिवसांची आठवण होते, आणि तिलाही होत असणार.

आई लंकाताईच्या खाटेशी स्टुलावर बसली. सांगायला तिला अर्धा तास लागला. कापूस, बादली, माती, राख. लंकाताई छताकडे बघत ऐकत होती. मध्ये फक्त एकदा बोलली.

"आमच्या आत्याबाई... त्याच चुलीपुढं बसायच्या. शेवटची दोन वर्षं नुसत्या खोकत व्हत्या."

"व्हय," आई म्हणाली.

"आन् माझा पोरगा. त्याच्यात बी निघालंय."

"व्हय."

वॉर्डातली चहाची गाडी येऊन गेली, दोघींनीही घेतला नाही. मग लंकाताई म्हणाली, "घेते म्या पडदा. पर मावशी, तुमचं मन राखायला घेत न्हाई. माफ केलं म्हणून बी न्हाई. मला जगायचंय, म्हणून घेते."

"त्येवडंच पुरं," आई म्हणाली.

लंकाताईचं ऑपरेशन नऊ तास चाललं. पंधरा दिवसांनी ती वॉर्डभर फिरत होती, महिन्याने नर्सशी भांडत होती, अडीच महिन्यांनी घरी गेली. तिच्या पहिल्या तपासणीचा नमुना मीच वाचला. पडदा स्वच्छ होता, आणि सोनोग्राफीत तो तिच्या छातीत, आधी आईच्या छातीत सरकायचा तितकाच, गुळगुळीत सरकताना दिसत होता. मी रिपोर्टवर सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. आक्का असती तर, एवढंच डोक्यात होतं.

चौदातल्या सात जणी अजून जिवंत होत्या आणि त्यांना काही माहीत नव्हतं. जाड होण्याआधी पडदा सापडला तर औषधाने तो दहा-बारा वर्षं रोखता येतो. मी त्यांना सरकारी पत्रं पाठवली होती, तपासणीला या म्हणून. एकही आली नाही. ढवळगावात सरकारी पत्र म्हणजे घर खाली करा, असाच अर्थ घेतात. आई म्हणाली, म्या जाते. पण दाराशी पोचेपर्यंत तिचा दम जायचा. एका घरी ती गेलीही. तीन शब्द बोलली आणि धापा टाकायला लागली. त्या बाईने तिला पाणी दिलं, पाठ चोळली, पोरीच्या दुःखाने खंगली म्हणून डोळे पुसले आणि एसटीत बसवून परत पाठवलं. मूळ गोष्ट पोटातच राहिली.

हे कळल्यावर एका रविवारी सकाळी लंकाताई माझ्या दारात येऊन उभी राहिली. तीन मजले चढून आली होती, एकदाही न थांबता. आई ऑपरेशननंतर माझ्याकडेच राहत होती.

"मावशी, चपला घाला," ती म्हणाली.

"कुटं?"

"शेवंताकडं. मग सिमनबाईकडं. मग बाकीच्या. बोलनार म्या, तुमी नुसतं म्होरं बसायचं. आन् आत्ताच सांगते, म्या ग्वाड करून सांगनार न्हाई. तुमी पोरी मारल्या म्हणीन. वैजू ग्येली म्हणीन. तुमच्या तोंडावर म्हणीन."

मी मध्ये पडले. "लंकाताई, अगं तिची अवस्था बघ."

"बघतीया की. हिचा दम माझ्यात हाय, मला सांगती व्हय?"

आई तोवर चपला शोधत होती. "ग्वाड... नकोच," ती म्हणाली.

शेवंताबाईचं घर लाईनीच्या टोकाला, आता त्यावर स्लॅब पडलाय. आम्ही तिघी दारात दिसताच ती पळत आली. आईच्या पायावर डोकं ठेवलं. "सोजरमावशी! या की, या. किती वर्सांनी पाय लागलं," आणि लंकाताईला म्हणाली, "आगं, हिच्या चुलीला वीस वर्सं तडा गेला न्हाई. पोरं मोठी झाली त्या चुलीवर." बोलता बोलता तिला खोकला आला. कोरडा, आखूड. मी तो खोकला ओळखते. "बसा, च्या टाकते," ती म्हणाली आणि आत निघाली.

लंकाताई तोंड उघडून थांबली. मला वाटलं, आता हिची जीभ अडखळणार. शेवंताबाईच्या हातात पातेलं होतं, आत नळाचं पाणी सुरू झालं होतं.

आईने लंकाताईच्या कोपराला धरलं.

"च्या नगं म्हन," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "आदी सांग."